टेबलाखालचा पाय

डॉक्टर काण्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "याआधीचा काही आजार? कसल्या गोळ्या, इंजेक्शनं चालू आहेत?"

कस्तुरी तोंड उघडणार एवढ्यात मी टेबलाखालून तिच्या डाव्या पायावर माझा पाय ठेवला आणि चांगला दाबला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की बाई गं, ज्या पायाला धड काही कळत नाही म्हणून आपण इथं आलोय तोच हा पाय. दाबून उपयोग काय, कपाळ? ती आता बोलणार म्हणून मीच घाईघाईनं म्हणाले, "नाही हो डॉक्टर. काही नाही. साधा ताप म्हणून नाही कधी."

कस्तुरीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ती गप्प राहिली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून पान उलटलं.

याला आता नऊ वर्षं झाली. ते एक 'नाही' अजून माझ्या तोंडात आहे. आंबलेलं काही चुकून खाल्लं की कितीही चुळा भरल्या तरी चव जात नाही, तसं.

कस्तुरी म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. तेव्हा अडतीस वर्षांची होती. लग्न झालेलं नाही. आम्ही मिरजेत राहतो आणि आमची मेस आहे. आमच्या गावात गल्लीला एक दवाखाना, आणि दवाखाना म्हटलं की पेशंट, पेशंट म्हटलं की त्याचे नातेवाईक, आणि त्यांना जेवायला लागतं. शिवाय सिस्टर, वॉर्डबॉय, एकटे राहणारे डॉक्टर. शेटे वहिनींचा डबा म्हटलं की अख्खा दवाखाना ओळखायचा. डॉक्टर काणे मेंदूचे आणि नसांचे मोठे डॉक्टर. त्यांच्याकडं सहा वर्षं आमचा डबा जात होता. तिखट कमी, भात नको, चार पोळ्या.

तर त्या महिन्यात कस्तुरीचा डावा पाय जड पडायला लागला होता. चप्पल पायातून निघून जायची आणि हिला पत्ता नसायचा. त्याआधी चार महिने तिचा एक डोळा धुरकटला होता. लाल रंग विटकरी दिसतो म्हणाली. मी म्हटलं, चाळिशी आली. तो डोळा आपोआप सुधारला म्हणून आम्ही विसरलो. पायाचं मात्र विसरता येईना. डॉक्टरांनी मेंदूचा आणि मणक्याचा फोटो काढायला लावला, पाठीतलं पाणी तपासलं. फोटोत पांढरे ठिपके होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस, आणि मला समजेल असं समजावलं. म्हणाले, वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं नसांवर एक आवरण असतं. शरीराची राखण करणारी जी ताकद, तीच उलटते आणि ते आवरण खाते. मग करंट नीट जात नाही. आज पाय, उद्या डोळा, परवा लघवीवरचा ताबा. पण औषधं आहेत, आवरून धरता येतं, वेळेत आलात.

वेळेत आलात म्हणाले. आणि मी त्यांच्यासमोर बसून खोटं बोलत होते.

आता खोटं कशाबद्दल ते सांगते. कस्तुरीला त्याआधी दहा वर्षांपासून सोरायसिस होता. कातडीला जाड लाल चट्टे येतात, त्यांवर चांदीसारखा पापुद्रा धरतो आणि तो झडतो. डोक्यात, कोपरांवर, गुडघ्यांवर, पुढं पुढं तळहातांवर. मग सांधे धरले. बोटं सुजून भेंडीएवढी झाली. हा रोग लागत नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला दहा वेळा सांगितलं होतं आणि मला दहाही वेळा कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि सकाळी उठून तिच्या अंथरुणावरचा तो कोंडा झाडणं वेगळं. मला शिसारी यायची. खोटं कशाला बोलू? मी वेगळा झाडू ठेवला होता. तिच्या मलमाला डांबराचा वास यायचा, तो मला जेवताना यायचा, झोपताना यायचा, ती घरात नसली तरी यायचा. तिचं ताट मी वेगळं ठेवलं आणि तिला सांगितलं, तुझं तुला सोयीचं पडेल. तिनं ऐकून घेतलं.

आणि ही मेस कुणाच्या हातावर उभी राहिली? तिच्याच. मी भाज्या करायची, पोळ्या कस्तुरीच्या. कागदासारख्या, दुपारी डबा उघडला तरी मऊ. लोक पोळ्यांसाठी डबा लावायचे. एके दिवशी एका गिऱ्हाइकानं डबा परत पाठवला. वांग्याच्या भाजीत कातडीचा पापुद्रा आहे म्हणाला. डबा घ्यायला आलेल्या दिवशी त्यानं कस्तुरीचे हात बघितले असणार. मी तो पापुद्रा बोटावर घेऊन उजेडात धरला. लसणाचं साल होतं. चांगलं गुलाबी रेघ असलेलं लसणाचं साल. मी ते मोरीत टाकलं आणि त्याच दुपारी कस्तुरीला म्हटलं, उद्यापासून तू स्वयंपाकघरात येऊ नकोस. लसणाचं साल होतं हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला बाहेर कसं काढता आलं असतं?

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत बसून फोन घ्यायची. कोण आज जेवणार नाही, कुणाला उपवासाचं हवं, हे लिहून ठेवायची. पोळ्यांना मी दुसऱ्या बाई ठेवल्या.

मिरजेत एवढे दवाखाने, पण त्या रोगासाठी आम्ही कोल्हापूरला जायचो. इथं दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि आमचा डबा कुणी शिवला नसता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी शेवटी एक भारी इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी पोटात टोचायचं. त्यानं जादू झाली हे खरं. सुजलेली बोटं उतरली, तळहात स्वच्छ झाले, फक्त कोपरांवर थोडे डाग उरले. ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. मी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं ठेवायची. घरी कोण आलं आणि फ्रिज उघडला तर दिसायला नको.

तर डॉक्टर काण्यांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो श्रीखंडाचा डबा आला आणि त्यांची दुपारची चार पोळ्यांची ऑर्डर आली. तिचा पाय नाही आला.

त्याच तपासणीत ते तिच्या कोपरावर छोटी हातोडी मारून बघत होते. थांबले, बोटानं तो डाग चाचपला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "फरशीवर कोपर टेकून बसते हो, काळवंडलंय." त्यांनी मान हलवली. सहा वर्षं माझ्या हातचं जेवणारा माणूस माझ्या तोंडचं खरं का मानणार नाही?

पाच दिवस सलाईनमधून औषध गेलं आणि पाय बराच सुटला. आम्ही पेढे वाटले. मग डॉक्टरांनी एक दिवसाआड टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. तेही थंड ठेवायचं. श्रीखंडाच्या एकाच डब्यात आता दोन प्रकारची इंजेक्शनं बसली. कस्तुरी एकदा डबा उघडून बराच वेळ बघत उभी होती. म्हणाली, "वैनी, ही दोन्ही एकत्र चालतात का, विचारायला पाहिजे."

मी म्हटलं, एक कातडीचं, एक डोक्याचं. त्यांची गाठ कुठं पडते?

शाळेत विज्ञानाला बावन्न मार्क पडलेली मी, आणि काय ऐटीत सांगितलं.

तीन महिन्यांत सगळं उलटलं. आधी डोकं. केसांत बोट घातलं की पापुद्रे. मग पाठ, पोट, तळहात. दहा वर्षांत नव्हतं एवढं फुटून आलं. कोल्हापूरला गेलो तर ते डॉक्टर कोड्यात पडले. इतकं छान आवरलं होतं, मध्ये काही नवीन औषध घेतलं का, म्हणाले. मी म्हटलं नाही. तिथंही नाही. एकदा तोंडाला सवय लागली की काय, निघतंच. आणि इकडं तिचे दोन्ही पाय ढिले पडत चालले होते. ती भिंत धरून चालायची, मग भिंत धरूनही पडायची. मी म्हणायची, औषध लागू पडायला वेळ लागतो. हे म्हणाले, काण्यांना सगळं सांगून टाकूया का? मी म्हटलं, सांगा, आणि उद्यापासून डबे घेऊन फिरू नका, घरी बसा. हे गप्प झाले. आमच्या घरात गप्प बसण्यात सगळे हुशार.

एका सकाळी ती न्हाणीघरात पडली आणि उठेना. कमरेखाली काही हलत नव्हतं. रिक्षात घालून नेली.

वॉर्डमध्ये आयाबाई तिचे कपडे बदलायला आल्या. त्याही आमच्याकडचा डबा घ्यायच्या, माझ्याशी हसून बोलत होत्या. त्यांनी चादर ओढली, गाऊन वर केला, आणि अंगभर ते चट्टे, पांढऱ्या चादरीवर पापुद्र्यांचा सडा. आयाबाईंनी हात असा मागं घेतला जसा तव्याला लागलाय. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "शी, हे काय हो? आधी सांगायचं नाही?" आणि साडीला हात पुसत दोन पावलं मागं सरल्या.

मला त्या बाईची अशी किळस आली की काय सांगू. एक लाचार माणूस पडलंय, त्याला हालता येत नाही, आणि तू त्याच्यासमोर नाक मुरडतेस? हात उगारायचाच बाकी होता. मग माझी नजर कस्तुरीवर गेली. ती आयाबाईंकडं बघतच नव्हती. तिला त्यात नवीन काहीच नव्हतं. हे तोंड ती आठ-दहा वर्षं रोज सकाळी बघत होती, झाडू हातात घेतलेलं. आयाबाई परक्या होत्या. मी घरची होते.

डॉक्टर काणे आले. त्यांनी ना हातमोजे मागितले ना काही. तिचा तळहात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला, कानामागं बघितलं, नखं बघितली. मग विचारलं, "किती वर्षं?"

या वेळी मी कुणाचा पाय दाबला नाही. सगळं सांगितलं. कोल्हापूर, पंधरा दिवसांचं इंजेक्शन, श्रीखंडाचा डबा. इंजेक्शनचं नाव ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. तिथूनच कोल्हापूरला फोन लावला. दोन डॉक्टर तिच्याबद्दल पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते, आणि मिरजेहून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर आहे.

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शेटे वहिनी, ते इंजेक्शन ज्याला हा नसांचा आजार आहे त्याला द्यायचं नसतं. तो आजार भडकू शकतो. आणि मी जे दिलं त्यानं सोरायसिस भडकतो. आम्ही दोघं दोन बाजूंनी हिच्यावर घाव घालत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं आपण हिला वाचवतोय."

मी तिच्या पायावरची चादर सारखी करायला लागले.

"कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात, दर वेळी ते विचारतात. हातापायाला मुंग्या येतात का, डोळ्याला अंधारी येते का. विचारतात?"

"विचारतात," मी म्हटलं.

"डोळा धुरकटला त्यानंतरही विचारलं?"

"हो."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. म्हणाले, "डब्यात मीठ कमी पडलं तर मी तुम्हाला फोन करून सांगतो. तुम्हाला मला एवढं सांगता आलं नाही?"

त्या माणसानं मला त्याहून जास्त कधी सुनावलं नाही. मी त्यांना विचारलं, हे सगळं त्या इंजेक्शनानं झालं का, मी सांगितलं असतं तर पाय वाचले असते का. ते म्हणाले, छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. आजार तसाही वाढला असता कदाचित. कदाचित नसता. त्यांना वाटलं असेल की ही मला दिलेली सूट आहे. मला ती शिक्षा झाली. हो म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. नाही म्हणाले असते तर हात झटकले असते. हे असं मधे लटकून राहिले ते आजपर्यंत.

दोन्ही इंजेक्शनं बंद झाली. दोघा डॉक्टरांनी मिळून एक गोळी ठरवली. मूळची सोरायसिसवरचीच, पुढं या नसांच्या आजारालाही द्यायला लागले म्हणे. डॉक्टर म्हणाले, आजार दोन असले तरी खोड एकच, शरीर स्वतःवरच उलटतं, तेव्हा औषध शोधतानाही दोघांकडं बघून शोधायला हवं. ती गोळी पोटभर खाऊन घ्यायची, नाहीतर पोटात ढवळतं, आणि घेतल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद होतं. दर दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. उजवा पाय हळूहळू परत आला. कातडी सुधारली, तळहात तर पार मोकळे झाले. डावा पाय आलाच नाही. चाकाची खुर्ची आली.

आणि गावात कळलं. आयाबाईंनी आपलं काम चोख केलं. मी रात्रंदिवस ज्याला घाबरत होते ते घडलं, आणि काय झालं ठाऊक आहे? दोन डबे बंद झाले. दोन. त्यातला एक बदली झाली म्हणून गेला. डॉक्टर काण्यांची ऑर्डर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आली, तिखट कमी, भात नको, चार पोळ्या. दोन डब्यांसाठी मी माणसाचा पाय घालवला. स्वतःची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती. दोन दिवस घास तोंडाजवळ नेला की माझाच हात मला नको व्हायचा.

कस्तुरीला मी म्हटलं, स्वयंपाकघरात ये, पोळ्या लाट. ती नाही म्हणाली. मग मी तिला लसणाच्या सालाचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मोरी मीच धुतली होती." एवढंच. त्यानंतर दोन महिने ती आली नाही. मीही मग विचारायचं सोडलं.

एके दिवशी पोळ्यांच्या बाई आल्या नाहीत. साडेदहा वाजून गेले होते, डबे बाराला निघतात. मी एकटीच लाटत होते आणि माझ्या पोळ्या म्हणजे नकाशे. मागून चाकांचा आवाज आला. कस्तुरीनं खुर्ची ओट्याशी लावली, हात धुतले, नखांपर्यंत, मला दिसतील असे धुतले. मग माझ्या हातातलं लाटणं घेतलं. आमच्या ह्यांनी तिच्यासाठी तो ओटा पुढं महिन्याभरात खाली करून घेतला. त्या दिवशी मात्र तिनं मांडीवर परात घेऊन लाटल्या.

 मी भाजत होते, ती लाटत होती. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "कस्तुरी, त्या दिवशी काण्यांच्या केबिनमध्ये तू सांगणार होतीस. मी टेबलाखाली तुझा पाय दाबला होता. तुला कळलंही नसेल."

"कळलं होतं की."

"त्या पायाला काही कळत नाही म्हणाली होतीस ना?"

"अर्धवट कळायचं. तुमच्या चपलेची टाच कळली. करंगळीवर होती." तिनं पोळी उलटून पीठ लावलं. "त्या पायाला नीट कळलेलं ते शेवटचंच."

माझा हात तव्यावर तसाच राहिला. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तुझा पाय, तुझा डोळा, तुझं सगळं आयुष्य. तू माझ्यावर ओरडायचं होतंस.

ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "डॉक्टर माझ्या कोपराला हात लावून बघत होते, वैनी. साधा हात. कस्तुरीताई, जरा पाय सोडा, म्हणत होते. रोग कळल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मला तुमच्या तोंडावरनं पाठ झालं होतं. वाटलं, एवढा एक माणूस आपल्याकडं नीट बघतोय, बघू दे."

पोळी करपली. मी ती बाजूला टाकली.

मग मला काय झालं ठाऊक नाही. मी खाली वाकले. तिचा डावा पाय खुर्चीच्या पट्टीवर ठेवलेला होता, अनवाणी. मी त्यावर हात ठेवला. आधी हळू दाबला, मग करंगळीवर अंगठा रोवून चांगला जोरात दाबला, नख पांढरं पडेपर्यंत.

कस्तुरी वर दुसरी पोळी लाटत होती. म्हणाली, "काय शोधताय खाली? डॉक्टरांच्या चार आधी भाजून घ्या, त्यांचा डबा पहिला जातो."

मी उठले आणि तवा पुसून घेतला.